गोधडीमामाच्या तबेल्यातली हवा

गोधडीमामाला स्वतःची थंडी वाजत नाही. त्याला दुसऱ्यांची थंडी वाजते.

समोर कोणी नुसत्या सदऱ्यावर उभं दिसलं की याच्या अंगावर काटा आलाच. "अरे, काहीतरी घाल अंगात!" घोड्यावर बसायला शिकणारी पोरं, त्यांना सोडायला आलेले बाप, गवताच्या गाडीचा ड्रायव्हर, कोणीही असो. एकदा तबेला बघायला आलेल्या एका परक्या बाईच्या खांद्यावर यानं मागून गुपचूप घोड्याची झूल टाकली. बाई अशी किंचाळली की तीन घोडे बिथरले. झुलीला घोड्याचा वास होता, किंचाळेल नाही तर काय करेल! त्या दिवशी नालबंदानं, म्हणजे घोड्यांना नाल ठोकायला येतो त्यानं, याचं नाव गोधडी पाडलं. पोरांनी पुढं मामा जोडलं. खरं नाव आता फक्त मामीला माहीत, आणि तीही चिडल्यावरच ते घेते.

मामा मोतद्दार. म्हणजे घोड्यांना खायला घालायचं, खरारा करायचा, लीद उचलायची, आणि घोडा आजारी पडला की घोड्यापेक्षा जास्त कण्हायचं. शेवटचं काम पगारात नाही, ते तो फुकट करतो.

तबेला वस्तीच्या टोकाला आहे. समोर वाळूचं रिंगण, मागं विटांच्या खोल्यांची एक रांग, वर पत्रे. प्रत्येक खोलीत एक घोडा, प्रत्येक खोलीला छताजवळ एक झरोका. मालक घोडेस्वारीचे वर्ग चालवतात. मालक वाईट माणूस नाही, पण घोडा म्हणजे त्यांच्यासाठी काम करणारी वस्तू. चालतोय तोवर ठेवा, नाही चालला तर गाडीत घाला.

आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या खोलीत बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे घोडी. तांबूस, वयस्कर, पोटाशी जरा सुटलेली, कपाळावर पांढरा ठिपका. जे पोर घोडा बघूनच रडतं त्याला आधी तिच्यावर बसवायचं, असा तिथला रिवाज. पाठीवरचं पोर जरा जरी कलंडलं तरी ती आपणहून थांबते. पोर सरळ झालं की मान वळवून बघते, झालं का तुझं, आणि मग चालू लागते. मामाचा तिच्यावर जीव. तो तिच्याशी अहो-जाहो करूनच बोलतो. "उठा बाईसाहेब. पाय उचला. अहो, तो नाही, दुसरा."

मामीला हे ऐकून ऐकून आता सवय झाली होती, तरी टोमणा मारल्याशिवाय राहवायचं नाही. "मी यांना अहो म्हणते आणि हे घोडीला अहो म्हणतात. मला काय म्हणतात? 'ए, ऐकलंस का!'"

"तू काय पाठीवर पोरं घेऊन फिरतेस का?" मामा म्हणायचा.

"तुमची दोन फिरवली की!"

यावर मामा खरारा घेऊन घोड्यांकडं सटकायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. थंडी सुरू झाली की मामा तबेला बंद करायचा. बंद म्हणजे कसा? झरोक्यात पोती कोंबायची. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पेंढा ठासायचा. दाराखाली पोत्याची वळकटी. खाली अंथरायला पेंढ्याचा जाड थर, आणि तो थर थंडीभर उकरायचा नाही. ओला झाला की वर नवा पेंढा टाकायचा, त्यावर परत नवा. खालचा थर कुजतो, पण कुजताना गरम राहतो. हात घालून बघितलं तर खरंच ऊब लागते. मामाला त्याचा अभिमान होता. "गादी आहे गादी," तो नालबंदाला सांगायचा. "तुला नसेल अशी गादी."

"मला नकोच," नालबंद म्हणायचा. "माझ्या गादीत कोणी मुतत नाही."

सगळ्या खोल्या काही सारख्या बंद व्हायच्या नाहीत. एवढी पोती आणायची कुठून? मग जिच्यावर जीव जास्त तिची फट आधी बुजायची. बाकीच्या घोड्यांचे झरोके निम्मे उघडेच राहायचे. बाईसाहेबांची खोली मात्र डब्यासारखी. शिवाय खोलीत दोन गवताचे गठ्ठे रचलेले, भिंतीच्या गारव्याला आडोसा म्हणून. सकाळ-संध्याकाळ मामा त्यातलं वाळलं गवत तिच्या नाकासमोर झटकून मोकळं करायचा. धूळ उडायची. तिरपं ऊन आलं की ती धूळ सोन्यासारखी चमकायची आणि मामाला ते फार छान वाटायचं.

बाईसाहेब खोकायला लागल्या.

आधी, गेल्या थंडीत, एखादा खोकला, गवत खाताना. मामा म्हणाला, "गारठा लागला," आणि दाराच्या फळ्यांमधल्या भेगा बुजवल्या. मग रिंगणात चालताना खोकला. मामानं दुहेरी झूल घातली. मग नुसती उभी असतानाही नाकपुड्या फुलायला लागल्या, श्वास सोडताना पोट आत ओढलं जायचं, एकदा आणि मग परत एकदा, जणू एका धक्क्यात काम होत नाही. बरगड्यांच्या मागं पोटावर एक तिरकी रेघ उमटली, दोरी बांधल्यासारखी. मामानं ती रेघ रोज बोटानं चाचपली आणि रोज एक फट जास्त बुजवली. फटी संपल्या, रेघ राहिली.

मग एक दिवस रिंगणात, पाठीवर एक छोटी मुलगी असताना, बाईसाहेब मध्येच थांबल्या. मुलगी कलंडली नव्हती. घोडीच पुढं जाईना. मान खाली, चारही पाय फाकवलेले, आणि भात्यासारखं पोट. मुलीला अलगद उतरवलं. ती विचारत होती, "मी जड झाले का?" मामाला तिच्याकडं बघवेना.

मालक कठड्याशी उभे होते. त्यांनी सगळं बघितलं.

"हिला धाप आहे," ते म्हणाले. "उद्या पाठीवर पोर असताना बसली खाली तर?"

"गारठा आहे मालक. थंडी सरली की..."

"गेल्या थंडीतही तू हेच म्हणालास. नवा वर्ग सुरू व्हायच्या आत मी हिला फिरवून बघणार. दुडक्या चालीनं रिंगणाचा फेरा मारून नीट श्वासावर आली तर ठीक. नाहीतर गाडीवाल्याला बोलावतो."

गाडीवाला म्हातारे घोडे घेऊन जातो. कुठं नेतो ते तो सांगत नाही, आणि कोणी विचारत नाही. मामाला घाम फुटला. भर थंडीत.

"डॉक्टरांना तरी दाखवू द्या," तो म्हणाला.

"दाखव. मी नाही म्हटलंय का?"

जनावरांच्या डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. तरुण, बाह्या वर, बोलणं तडक. दारातच थबकल्या आणि त्यांनी नाकाला हात लावला. मामाला ते आवडलं नाही. बाईंनी बाईसाहेबांच्या बरगड्यांना नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आत शिट्टी वाजतेय. आणि मध्येच कोणीतरी कागद चुरगाळतंय. ऐकायचंय?"

मामानं नळी कानात घातली. खरंच. इतकी वर्षं या घोडीचा प्रत्येक आवाज त्याला पाठ होता, पण हा आतला पहिल्यांदा ऐकला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग बाईंनी नाकातून दुर्बीण घातली. काळी लांब लवचीक नळी, टोकाला दिवा, आणि जे दिसेल ते एका छोट्या पडद्यावर. मामा घोडीचं तोंड धरून तिच्या कानात पुटपुटत होता, "काही नाही बाईसाहेब, काही नाही, पाहुणे आलेत," आणि एक डोळा पडद्यावर. नालबंद काम सोडून येऊन उभा राहिला. मामी डबा द्यायला आली होती, तीही थांबली.

पडद्यावर आधी गुलाबी पडदे आले, गुंडाळी केलेल्या कागदासारखे. मग एक बोळ. बोळाला आतून कड्या कड्या.

"ही श्वासनळी," बाई म्हणाल्या. "या कड्या कुर्चेच्या. कानाला असते तसली, टणक पण लवचीक. म्हणून मान कशीही वळवली तरी नळी मिटत नाही."

"पाण्याच्या पाइपाला असतात तशा," नालबंद म्हणाला.

"अगदी. आणि हे बघा, हे काय साचलंय."

नळीच्या तळाशी पिवळट, चिकट काहीतरी संथ पसरलं होतं. मामीनं तोंडाला पदर लावला.

"शेंबूड," बाई सरळ म्हणाल्या. "थोडा असायलाच हवा. धूळ त्याला चिकटते. या नळीला आतून बारीक लव आहे, डोळ्याला दिसत नाही एवढी. ती लव सारखी हलते आणि सगळा कचरा वर घशाकडं ढकलते. झाडूवाले समजा, दिवसरात्र कामावर. पण तुमच्या या खोलीत मुताचा जो वास आहे ना, तो अमोनिया. त्यानं झाडूवाल्यांना चक्कर येते. आणि गवतातून जी बुरशीची धूळ येते तिनं नळ्या सुजतात. कचरा वाढला, झाडू बंद पडला, रस्ता अरुंद झाला. मग खोकणार नाही तर काय करणार?"

मामाला हे पटत नव्हतं. त्याच्या डोक्यात छाती म्हणजे नालबंदाचा भाता. दोन पिशव्या, हवा आत, हवा बाहेर. तो तसं म्हणालाही.

"भात्याच्या आत काय असतं?" बाईंनी विचारलं.

"काय असणार? पोकळ."

"फुप्फुस पोकळ नसतं. ही नळी पुढं फुटते, दोन होतात, त्यांच्या चार, झाडाच्या फांद्यांसारख्या. आणि शेवटच्या बारीक डहाळीच्या टोकाला फुग्यांचे घोस. मोहरीहून कितीतरी बारीक फुगे, कोट्यवधी."

"पण इतके बारीक कशाला? एकच मोठा फुगा दिला असता तर भरपूर हवा मावली असती."

बाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि रचलेल्या गठ्ठ्यावर हात मारला. "हा गठ्ठा बांधलेला आहे तोवर केवढा? आणि सोडून काडी काडी पसरली तर?"

"अख्खी खोली भरेल. वर उरेल."

"तसंच. हवा किती मावते त्यापेक्षा किती भिंतीला लागते हे महत्त्वाचं. एका मोठ्या फुग्याला भिंत ती केवढी? त्याच जागेत बारीक फुगे भरले की भिंतीच भिंती. हिच्या छातीतले सगळे फुगे उलगडून जमिनीवर पसरले तर तुमचं ते रिंगण झाकून वर उरतील."

मामानं दारातून रिंगणाकडं बघितलं. मग बाईसाहेबांच्या बरगड्यांकडं. परत रिंगणाकडं. एवढं सगळं हिच्या आत घडी घालून ठेवलंय?

"आणि भिंत कसली," बाई बोलतच होत्या, "कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढं घोंगडी वाटेल. भिंतीच्या अलीकडं हवा, पलीकडं रक्त. प्रत्येक फुग्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. आतून भिंत ओलसर. हवेतला ऑक्सिजन त्या ओलाव्यात विरघळतो आणि पलीकडं रक्तात उतरतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड अलीकडं येतो. ना दार, ना पंप. जिकडं जास्त तिकडून जिकडं कमी तिकडं, आपोआप."

"पण ओल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत?" हे मामी. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. "काय झालं? ओल्या पिशव्या चिकटतातच. धुवून बघा कधीतरी."

बाई हसल्या. "चिकटल्या असत्या. म्हणून फुप्फुस आत साबणासारखं काहीतरी स्वतःच बनवतं, ते चिकटू देत नाही. पण मामा, मुख्य गोष्ट ही, की हे सगळं आपोआप कधी चालतं? फुग्यातली हवा सारखी बदलत राहिली तर. इथं नळ्या सुजल्यात, हवा बाहेर पडत नाही. मागचे फुगे शिळ्या हवेवर बसून आहेत. ती बाहेर ढकलायला घोडी पोटानं जोर लावते. म्हणून ही रेघ. मेहनतीची रेघ आहे ती."

मामानं रेघेवर हात ठेवला.

"औषध देते, सूज उतरेल. पण खरं औषध एकच. झरोके उघडा. खालचा थर सगळा काढा. गठ्ठे बाहेर. गवत पाण्यात भिजवून घाला, आणि जमिनीवरच घाला, मान खाली राहिली की शेंबूड वाहून येतो. शक्य असेल तितकी बाहेर ठेवा."

"बाहेर?" मामा ओरडलाच. "या थंडीत? छाती भरेल तिची!"

"एवढं लांब तोंड काय तिला शोभेला दिलंय?" बाई म्हणाल्या. "मघाशी ते गुलाबी पडदे बघितले ना? नाकाच्या आत हाडांच्या गुंडाळ्या आहेत, वर रक्तानं भरलेली कातडी. गार हवा त्यातून फिरत फिरत जाते आणि फुग्यापर्यंत पोचते तेव्हा अंगाएवढी गरम आणि ओली झालेली असते. शेगडी तिच्या नाकात आहे. तुम्हाला पेटवायची गरज नाही."

मामा हो म्हणाला. आणि बाई गेल्यावर त्यानं खरोखर झरोक्यातली पोती काढली, गठ्ठे बाहेर नेले.

पण बघा, डोक्याला पटतं ते हाताला पटत नाही. संध्याकाळी वारा सुटला. मामा झरोक्याखाली उभा राहिला. गार झोत थेट मानेवर. त्यानं एक पोतं परत घातलं, एकच. दुसऱ्या दिवशी दुसरं. खालचा थर त्यानं नुसता वरवर काढला, कारण खाली हात घातला तर ऊब होती आणि ती ऊब फेकून द्यायला हात धजेना. आठवड्यात खोली परत डबा झाली.

त्याला कोणी वेडा म्हणेल. म्हणू दे. ज्यांनी त्याच्या आईला बघितलं नाही त्यांनी बोलूच नये. मामा लहान असताना त्याचा धाकटा भाऊ एका थंडीत छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर आई घरात फट दिसली की हातातलं काम टाकून उठायची. चिंध्या, कागद, भिजवलेली माती, हाताला येईल ते घेऊन ती फट बुजवत बसायची. उरलेल्या पोराला तिनं तसंच वाढवलं. जवळ घेऊन लाड करणं तिला जमलं नाही, ती फटी बुजवायची. मामा मायेचं जे शिकला ते एवढंच शिकला.

डॉक्टरबाई परत आल्या तेव्हा त्यानं त्या येणार म्हणून झरोके उघडून ठेवले होते. बाईंनी नळी लावली, कपाळाला आठी घातली. "औषध देऊनही फरक नाही? उघडं ठेवताय ना?"

"हो," मामा म्हणाला, बुटाकडं बघत.

"विचित्र आहे," बाई म्हणाल्या, आणि औषध वाढवून गेल्या. इकडं मालकांच्या वर्गाचा दिवस जवळ येत होता. मामाला जेवण जाईना.

घरात पांघरुणं गायब व्हायला लागली तेव्हा मामीला संशय आला. आधी एक चादर. मग धाकट्याचा जुना स्वेटर. मग तिची स्वतःची शाल. मग मात्र ती उठली. पहाटे मामाच्या मागोमाग तबेल्यात आली, आणि तो बाईसाहेबांच्या खोलीत शिरल्यावर तीही शिरली आणि दार आतून लावून घेतलं.

झरोक्यात तिची शाल कोंबलेली होती.

मामा म्हणाला, "हे बघ, वारा इतका..."

"खाली बसा," मामी म्हणाली.

"काय?"

"बसा खाली. ती खाते तिथं. तोंडाशी तोंड लावून."

"अगं, पण..."

मामीनं त्याचं खरं नाव घेतलं.

मामा बसला. गुडघे टेकले, मग हात, मग मान घोडीच्या तोंडाएवढी खाली नेली, पेंढ्यात नाक गेलं इतकी. आणि एक श्वास घेतला.

एकच. दुसरा घेताच येईना. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं, घशाला आतून कोणीतरी ओरबाडलं. तो खोकला. बाईसाहेब खोकल्या. मामी उभी होती, तरी तीही खोकली. तिघंही त्या डब्यात खोकत राहिले.

"तुम्ही उभ्यानं येता आणि उभ्यानं जाता," मामी म्हणाली. "तुमचं नाक वर. तिची मान रात्रभर इथं असते. तुम्ही गादी म्हणता ना? झोपून बघा एकदा तिच्यावर."

मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वासाचं होतं की दुसरं, मामीनं विचारलं नाही. तिनं दार सताड उघडलं, झरोक्यातून आपली शाल ओढली, हुंगली, आणि म्हणाली, "ही आता तुम्हीच वापरा."

मामानं पहिलं काम केलं ते डॉक्टरबाईंना फोन. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "सगळं बंदच होतं."

बाई म्हणाल्या, "मला रागवायला वेळ नाही. आता उघडा."

त्यानं उघडलं म्हणजे उघडलंच. दिवसभर खोली उपसली. खालचे थर निघाले तेव्हा वाफ आली आणि नालबंद रांगेच्या दुसऱ्या टोकाला पळाला. झरोक्याची लाकडी चौकटच मामानं काढून टाकली, म्हणजे परत हात शिवशिवले तरी कोंबायला कड नको. आणि बाईसाहेबांना बाहेर आवारात नेलं. तिथं गवताच्या गाडीसाठी एक शेड होती, वर पत्रा, वाऱ्याकडच्या बाजूला एक भिंत, बाकी मोकळी. ड्रायव्हर म्हणाला, "आणि माझी गाडी?"

"गाडीला धाप नाही," मामा म्हणाला.

रोज गवत टबात भिजवायचं, निथळून जमिनीवर ठेवायचं. पाणी असं गार की बोटांना भेगा पडल्या. पहिल्या पहाटे तो धावतच शेडकडं गेला, घोडी आडवी पडली असणार या भीतीनं. बाईसाहेब उभ्या होत्या. झुलीवर दवाचे थेंब गोठलेले. नाकपुड्यांतून वाफेचे दोन झोत. मामानं हात पुढं केला. आत जाणारी हवा बोटांना सुरीसारखी लागत होती. बाहेर येत होती ती ओलसर आणि ऊबदार, पोराच्या श्वासासारखी. त्यानं कान चाचपले. गरम. झुलीखाली हात घातला. गरम. तो तसाच नाकपुडीपुढं हात धरून उभा राहिला, कितीतरी वेळ, शेगडीवर शेकत बसल्यासारखा. घोडीनं कंटाळून त्याच्या हातावर फुरफुरून शिंतोडे उडवले. तेव्हा कुठं हाताला पटलं.

खोकला लगेच गेला नाही. आधी तो वाढला, आणि मामाचा जीव टांगणीला. बाई म्हणाल्या, "झाडूवाले कामावर परत आलेत, कचरा निघणारच." मान खाली घालून खाताना नाकातून चिकट धारा यायच्या. मामा त्या पुसायचा आणि येईल त्याला दाखवायचा, "बघ, निघतंय!" लोक तोंड फिरवायचे. हळूहळू धारा पातळ झाल्या. मग पाण्यासारख्या. मग एकदा सबंध सकाळ गेली आणि खोकला ऐकूच आला नाही. मामाला ती सकाळ इतकी सुनी वाटली की तो दोनदा बघून आला.

मालकांनी ठरवलेला दिवस आला. मालक कठड्याशी. डॉक्टरबाई मुद्दाम आलेल्या. नालबंद हातोडा हातात धरून, जणू मालकांनाच ठोकायचंय. मामी एका बाजूला, चेहरा असा की आपल्याला काय घोडीचं.

मामानं दोर धरला आणि बाईसाहेबांना दुडक्या चालीत घातलं. तो मधे, ती भोवती. अर्ध्या फेऱ्यात ती खोकली. एकदा. मोठ्यानं. मालकांची भुवई वर गेली. मामाच्या हातातला दोर सैल पडला. थांबवू की काय? पण घोडी थांबली नाही. मान खाली झटकली, नाक साफ केलं, फुर्रकन, आणि पाय परत लयीत पडायला लागले. फेरा पुरा झाला. मामानं थांबवलं. नाकपुड्या फुललेल्या, पोट हलत होतं. सगळे तिच्या पोटाकडं बघत होते. आत, बाहेर. आत, बाहेर. दुसरा धक्का नाही. नाकपुड्या मिटत आल्या, बरगड्या संथ झाल्या, आणि बाईसाहेबांनी मान वळवून मालकांकडं बघितलं, झालं का तुमचं.

"रेघ अजून दिसतेय," मालक म्हणाले.

"थोडी राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही पूर्वीसारखी नाही व्हायची. हवेत ठेवली तर अशीच चालेल. कोंडली तर परत तेच."

मालकांनी हनुवटी खाजवली. "पळवायची नाही. फक्त छोटी पोरं, फक्त चालीवर. आणि शेडमध्येच राहील. गाडीवाल्याला सांगतो, येऊ नको."

मामीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. नालबंदानं हातोडा खाली ठेवला. सगळ्यांना वाटलं आता मामा मालकांचे पाय धरणार, नाहीतर रडणार. पण मामा दोर नालबंदाच्या हातात देऊन तरातरा रांगेकडं निघाला होता.

"अरे, कुठं चाललास?" मालक ओरडले.

"बाकीच्यांचे झरोके लहान आहेत मालक. मोठे करायला हवेत."

"मोठे म्हणजे? भिंत फोडणार आहेस?"

मामानं पहार आधीच कोपऱ्यात आणून ठेवली होती. ती उचलून तो पहिल्या खोलीत शिरला, आतल्या घोड्याला "बाहेर हो रे राजा, जरा धूळ उडेल" म्हणत बाहेर काढलं, आणि मालक रिंगण ओलांडून पोचायच्या आत पहिली वीट खाली पडली.